थरच्या कंकराची कार्बन-१४ तारीख: कधी धरायची, कधी सोडायची

थरच्या वाळवंटात जुन्या टेकाडाचा उभा छेद घेतला की वाळूत कंकराचे पांढरट पट्टे दिसतात. कंकर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यात वजनाने १२ टक्के कार्बन, त्यामुळे कार्बन-१४ ने (काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बनने) वय काढावे असे कोणालाही वाटते. लॅबमधून आकडा येतो, सोबत ± (चुकीची मर्यादा) ही येतो. तो ± मात्र फक्त मोजणीपुरता असतो. कंकरात कुठला कार्बन शिरला आणि केव्हा शिरला, हे त्यात धरलेले नसते, आणि आकडा बिघडतो तो याच ठिकाणी.

बिघाड दोन्ही बाजूंनी होतो. जोधपूर-नागौरकडे बिलाडा चुनखडक आहे, जैसलमेरला ज्युरासिक चुनखडक. या खडकांचे कण वाऱ्याबरोबर मातीत येतात. ते पूर्ण विरघळले आणि तो चुना मातीतल्या कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधून पुन्हा साचला, तर जुना कार्बन निघून जातो. न विरघळलेले कण कंकरात अडकून राहिले तर त्यांच्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो आणि वय फुगते. दुसरीकडे, प्रत्येक ओल्या हंगामात थोडा चुना विरघळून नव्या कार्बनसह पुन्हा साचतो आणि वय घटते.

दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नाहीत, हे नमुना काढण्याआधीच ध्यानात घ्या. १० टक्के मृत कार्बन (ज्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही असा) असेल तर वय साधारण ८५० वर्षांनी वाढते, मग नमुना ५,००० वर्षांचा असो की ३०,०००चा. नव्या कार्बनचे गणित वेगळे आहे. १०,००० वर्षांच्या कंकरात १० टक्के आजचा कार्बन शिरला तर आकडा ८,२०० च्या आसपास येतो. ३०,००० वर्षांच्या कंकरात तेवढाच शिरला तर थेट १६,९००. मुळात कार्बन-१४ अजिबात न उरलेल्या कंकरात ५ टक्के नवा कार्बन असेल तर तो २४,००० वर्षांचा 'दिसतो'. म्हणून कंकरावरून आलेली २०,००० च्या पुढची तारीख, वेगळा पुरावा नसेल तर, आमच्या मते फक्त 'किमान एवढे जुने' म्हणूनच वाचावी.

खड्ड्यात

छेदाची उघडी बाजू ३० सेंटिमीटर आत तासून घ्या. वरच्या ५० सेंटिमीटरमधला कंकर टाळा: तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड सहज मिसळतो, आणि विरळ झाडोऱ्याच्या जमिनीत मुळांचे श्वसन कमी असल्याने हे मिसळणे आणखी खोलवर जाते. घट्ट, कडक, फोडल्यावर आतून एकसारखा दिसणारा गोटा निवडा. भुसभुशीत, भेगा पडलेला किंवा मुळांची भोके असलेला नको. गोट्याच्या कडा गोल घासलेल्या असतील तर तो दुसरीकडून वाहत आलेला असू शकतो. त्याची तारीख या थराची नाही. दगडगोटे असलेल्या जमिनीत दगडाच्या खालच्या बाजूला चुन्याचा लेप असतो. सहसा दगडाला चिकटलेला पापुद्रा सर्वांत जुना, पण लेप सुटून मध्ये फट पडली असेल तर तिथे नंतरचा चुना भरतो. असा लेप घेऊ नका.

नमुना अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरडा ठेवा. त्याच जागेवरून आजूबाजूच्या वाळूचा नमुना प्रकाश न लागू देता लोखंडी नळीत घ्या. पुढे तोच सर्वांत जास्त कामाला येतो.

लॅबमध्ये

गोटा दोन भागांत कापा. एका भागाचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बारीक कणांचा, एकसंध चुना हवा. जीवाश्मांचे तुकडे किंवा चुनखडकाचे कण दिसले तर दुसरा गोटा घ्या. भेगांत भरलेले मोठे, चकचकीत स्फटिक नंतरचे असतात. दंतवैद्याच्या ड्रिलने ते चुकवून नमुना काढा. छेदासाठी लागणारे रेझिन तारखेच्या अर्ध्याला लागता कामा नये.

वरचा थर आम्लाने काढून टाकायचा. १०० मिलिग्रॅम शुद्ध कॅल्साइटच्या तुकड्यातून २५ मिलिग्रॅम काढायला ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल बरोबर ५ मिलिलिटर लागते. मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन वाळवा आणि फॉस्फोरिक आम्लाच्या अभिक्रियेच्या (तिने मोजणीसाठी कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात) अगदी आधी कुटा. कुटलेली पूड उघडी ठेवली की हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावर धरते, आणि जुन्या नमुन्याला तेवढेही महागात पडते. एएमएससाठी (कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या यंत्रासाठी) १ मिलिग्रॅम कार्बन हवा असेल तर शुद्ध कॅल्साइट ८.३ मिलिग्रॅम लागते. कंकरात ७० टक्केच कार्बोनेट असेल तर १२ मिलिग्रॅम. कॅरारा संगमरवराचा तुकडा याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. त्यात कार्बन-१४ उरलेला नाही, त्यामुळे जे मोजले जाईल ती तुमच्या प्रक्रियेची भर.

आकडा आल्यावर

कार्बन-१३ चे मूल्य (ठरावीक मानकाशी तुलना करून प्रति हजारात काढलेला फरक) बघून चुनखडकाची भेसळ ओळखण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थरमध्ये तो फसवतो. सागरी चुनखडकाचे मूल्य शून्याच्या आसपास असते. सी-३ झाडोऱ्याखाली (सी-३ आणि सी-४ हे वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाचे दोन प्रकार, दोन्हींत कार्बन-१३ चे प्रमाण वेगळे) कंकर −१० ते −१२ प्रति हजार दाखवतो, तिथे भेसळ ओळखू येते. पण सेवणसारखी वाळवंटी गवते सी-४ आहेत आणि त्यांच्याखालचा कंकर +१ ते +३ पर्यंत जातो. खडक आणि कंकर यांत फरकच उरत नाही.

एकाच गोट्याचा गाभा आणि बाहेरचे कवच वेगवेगळे मोजा. गाभा जुना, कवच नवे असा क्रम यायला हवा. उलटा आला तर दोन्ही तारखा बाजूला ठेवा. क्रम बरोबर आला तरी गोटा वाढायला लागलेला काळ विसरू नका. २०,००० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत सारख्या वेगाने वाढलेला गोटा अख्खा मोजला तर ८,००० वर्षे दाखवतो. ना ती सुरुवात, ना मधला काळ.

सर्वांत भक्कम पडताळणी वाळूची. क्वार्ट्झच्या कणांवर प्रकाश शेवटचा केव्हा पडला हे ओएसएल या तारीख काढण्याच्या पद्धतीने कळते. कंकर वाळू साचल्यानंतरच बनतो, म्हणून त्याचे वय वाळूपेक्षा जास्त येणे शक्य नाही. आले तर मृत कार्बन आहे असे समजा. राजस्थानातल्या डिडवान्याजवळच्या '१६ आर' छेदाचे उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र आणि शरद राजगुरू यांनी तिथे काम केले. २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात तिथल्या वाळूचा इतिहास सुमारे २ लाख वर्षांपर्यंत मागे गेला. कार्बन-१४ ची मर्यादा ५०,०००. असल्या छेदातल्या खालच्या कंकराला युरेनियम-थोरियम (युरेनियमच्या क्षयावरून वय काढण्याची पद्धत) लावा; कार्बन-१४ वर पैसे घालवू नका.

गोदावरी-प्रवरेच्या काठच्या कंकरालाही हेच नियम. तिथे चुनखडक नसला तरी बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट असतो आणि तो मृत कार्बनच. शहामृगाच्या अंड्याचे कवच सापडले तर कंकर सोडून ते मोजा: कवचातला कार्बन मुख्यतः पक्ष्याच्या खाण्यातून येतो. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथल्या अशा कवचाची तारीख सुमारे २५,००० वर्षे आहे.