कट सरकला? सेटिंगला हात लावण्याआधी फूटपट्टी घ्या

नंबर प्लेटवर रेडियमचं दुकान चालायचे दिवस गेले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागूनच येते, जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. तालुक्याच्या ठिकाणी आता टिकणारं काम म्हणजे छापून कापलेलं स्टिकर: बचत गटाच्या लोणच्याच्या बरणीचं लेबल, कृषी केंद्राचा लोगो, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं चित्र.

नव्या दुकानात कटिंग प्लॉटर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेघेप्रमाणे ब्लेडने स्टिकर कापणारं मशीन असतं; व्हिनाइलवर (स्टिकरच्या चिकट प्लास्टिक शीटवर) छापणारा इको-सॉल्व्हंट प्रिंटर नसतो. प्रिंट नागपूर, अमरावती नाहीतर अकोल्याहून आणायची आणि कटिंग इथे करायचं. अर्धी भानगड त्यातच आहे. छापलेल्या चित्रावरून कट सरकला की नवखा माणूस प्लॉटरचं ऑफसेट, म्हणजे जागेचा फरक भरून काढणारी सेटिंग, बदलायला बसतो. तीन वेळा बदललं की मुळात किती होतं तेही आठवत नाही. म्हणून आधी बिघडलेली शीट टेबलावर पसरा आणि कट कसा सरकलाय ते मोजा. तो सरकण्याचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

सगळ्या स्टिकरवर कट एकाच बाजूला, सारखाच सरकलेला असेल, समजा उजवीकडे ०.८ मिमी, तर मार्क (जागा ओळखायला प्रिंटच्या कोपऱ्यांवर छापलेल्या काळ्या खुणा) वाचणारा मशीनचा डोळा, म्हणजे सेन्सर, आणि ब्लेड यांच्यातलं अंतर मशीनला चुकीचं माहीत आहे. ऑफसेट बदलायचं ते फक्त अशा वेळी. आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवा, मग बदला.

पहिलं स्टिकर बरोबर आणि शेवटच्याकडे जाता जाता फरक वाढत गेला, तर लांबीचा घोळ आहे. फाइलमध्ये नेहमी ५०० मिमीच्या दोन बारीक रेघा टाकून ठेवा, एक आडवी, एक उभी. प्रिंट हातात आली की स्टीलच्या पट्टीने मोजा. ४९८ भरली तर प्लॉटरचा काही दोष नाही. छापताना कुणीतरी ‘फिट टू पेज’ केलंय किंवा त्या मशीनचं फीड, म्हणजे माल पुढे सरकवणं, बिघडलंय. रेघ बरोबर भरली, तर प्लॉटरमध्ये ब्लेडच्या जागी पेन लावून ५०० मिमीची रेघ काढून बघा. तिथे फरक आला तर प्लॉटरचं लांबीचं कॅलिब्रेशन करा. मार्क चार ठेवा, आणि एका मार्कांच्या चौकटीत एक मीटरच्या वर काम घेऊ नका. लाइन मध्येच गेली तरी तेवढी एकच चौकट बिघडते, पुढची चौकट मशीन नव्याने वाचते.

एका कडेला बरोबर आणि दुसऱ्या कडेला तिरका असेल, तर माल वाकडा बसलाय किंवा एका बाजूचा दाबरोलर खालच्या खरखरीत रोलरवर नीट आलेला नाही. आणि कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, काहीच ताळमेळ नसेल, तर माल घसरतोय. जिनिंगचा हंगाम आला की कापसाचा बारीक तंतू त्या खरखरीत रोलरवर बसतो. टूथब्रशने रोज साफ करा. दुसरं कारण म्हणजे जड रोल. प्लॉटरला तो रोल ओढायला लावू नका. कापायचा तेवढा माल आधीच हाताने उलगडून सैल सोडा.

मार्क वाचतच नाही, ही तक्रार वेगळी. मार्क शंभर टक्के काळ्या शाईचाच हवा, चार रंग मिसळलेला काळा चालत नाही. त्याच्या भोवती १० मिमी कोरी जागा ठेवा. ग्लॉस लॅमिनेशन असलं की प्रकाश परततो आणि डोळा फसतो. मार्कावर मॅट पारदर्शक टेपचा तुकडा लावला की काम होतं. दुकान पश्चिमेला तोंड करून असेल तर संध्याकाळचं ऊन सरळ मशीनवर येतं. पडदा लावा, सेटिंग नंतर बघा.

छापणाऱ्याला फाइल देताना मार्क तुमच्याच कटिंग सॉफ्टवेअरचे हवेत, त्याच्या मशीनचे नव्हे. फाइलसोबत दोन वाक्यं लिहून द्या: साइज १०० टक्के ठेवा, मार्क कापू नका. डिझाइन कटरेषेच्या बाहेर २ मिमी वाढवा, म्हणजे कट अर्धा मिमी सरकला तरी पांढरी कड दिसत नाही. कोपरे किमान २–३ मिमी गोल करा, टोकदार कोपरा आधी सुटतो.

मराठी अक्षरांची एक खास गंमत आहे. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना फॉन्ट कर्व्हमध्ये (नुसत्या रेषांमध्ये) बदलला की प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी राहते. तशीच कापायला दिली तर ‘माऊली’चे तुकडे होतात. सगळं निवडून वेल्ड करा, म्हणजे एकसंध जोडा, मगच बाहेरची रेघ काढा. अनुस्वाराचा टिंब ३ मिमीपेक्षा लहान असेल तर तो सुटा कापू नका, उपटताना नको असलेल्या मालाच्या जाळीसोबत जातो.

आता उन्हाळ्याचं. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुकानात कूलर लागतो. त्याची ओली हवा थेट मालावर येऊ देऊ नका. व्हिनाइलच्या मागचा कागद ओल धरतो, कडा लाटांसारख्या उठतात, आणि सकाळी बरोबर असलेला कट दुपारी सरकतो. गाडीच्या डिक्कीत तापून आलेली प्रिंट लगेच लावू नका. उलगडून दोन तास दुकानात पडू द्या.

इको-सॉल्व्हंट प्रिंटवर लॅमिनेशन किमान २४ तासांनी, पावसाळ्यात ४८ तासांनी. हे तास सैल लटकवलेल्या प्रिंटचे आहेत. घट्ट गुंडाळून ठेवली तर सॉल्व्हंट आतच राहतं, गोंद मऊ पडतो, आणि कापल्यावर दोन दिवसांत कडा वर येतात. गिऱ्हाईक म्हणतं गोंद खराब आहे. घाई तुमची होती.

ब्लेडचा हिशेब मालाच्या जाडीवर. ८० मायक्रॉनच्या साध्या व्हिनाइलला ४५ अंशाचं ब्लेड आणि ८०–१०० ग्रॅम दाब पुरतो. वर ७० मायक्रॉनचं लॅमिनेशन आलं की ६० अंशाचं ब्लेड घ्या, दाब १२० पासून सुरू करून दहा-दहाने वाढवा. आधी छोटा चौकोन कापून उपटून बघा: व्हिनाइल सुटलं पाहिजे, मागच्या कागदावर नुसती पुसट रेघ दिसली पाहिजे. कागद कापला जात असेल तर ब्लेड जास्त बाहेर आलंय. अशा वेळी दाब कमी करण्याआधी ब्लेड आत घ्या. कोपरे गोल येत असतील तर ब्लेडचं ऑफसेट (ब्लेडचं टोक त्याच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर) कमी पडतंय, कोपऱ्यावर कान फुटत असतील, म्हणजे टोकं बाहेर येत असतील, तर जास्त आहे. साधारण ०.२५ मिमीपासून सुरुवात करा. हे ऑफसेट आणि वरचं डोळ्याचं ऑफसेट वेगळं. मेनूत नावं सारखी दिसतात म्हणून इथे बरेच जण चुकतात.

कड फाटल्यासारखी येऊ लागली की ब्लेड काढून ब्रशने होल्डरमधला गोंद साफ करा. तरीही तेच, तर ब्लेड बदला. ट्रॅक्टरचं बॉनेट वळणाचं असतं, तिथे स्वस्त मोनोमेरिक व्हिनाइल लावू नका, आकसून कडा सुटतात. आणि स्टिकर सकाळी लावा, पत्रा तापण्याआधी.