सांगलीला एक दिवस येताय? गाडी आत घालू नका

पहिलं सांगतो, रविवारी येऊ नका. सांगलीची निम्मी रौनक कॉलेजच्या पोरापोरींमुळं आहे आणि सुट्टीला ती सगळी गावाकडं जातात, मग कॉलेजांचा विश्रामबाग भाग एकदम सुनासुना वाटतो. मधल्या वारी या.

दुसरं, चारचाकी स्टँडच्या आसपास कुठंतरी लावा आणि गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, चालत जा. मी एकदा पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन हौसेनं गाडी हरभट रोडला घातली, पुढं पोत्यांचा टेम्पो उतरतोय, मागं रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि पाहुणे काचेतूनच विचारतायत "गणपती कुठाय?" अर्धा तास तिथंच गेला.

सकाळी आधी गणपती मंदिर. सांगलीचे संस्थानिक पटवर्धन, त्यांचं हे देऊळ. 1801 मध्ये मिरजेतून वेगळे होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी इथं गादी केली, तेव्हापासून सांगलीचं सांगलीपण सुरू झालं म्हणा. 1843 मध्ये त्यांच्याच दरबारात विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून आम्ही नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. देवळातून निघालं की पेठांतनं, बोळांतनं उगीच फिरा, जुने वाडे अजून काही शिल्लक आहेत. जरा भिंतींकडं बघत चला, 2005, 2019, 2021 च्या पुरानं कुठवर पाणी आलेलं ते कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो हात डोक्याच्या वर नेऊन दाखवतो.

आयर्विन पूल मात्र संध्याकाळसाठी ठेवा. 1929 चा पूल, सूर्य पलीकडं सांगलीवाडीच्या बाजूला बुडतो आणि पाण्यात सगळ्या कमानी उलट्या दिसतात, लय भारी. पावसाळ्यात आलात तर अख्ख्या गावाचं लक्ष याच पुलाकडं असतं, पाण्याची पातळी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, चहाच्या गाड्यावर पण "कोयनेतनं किती सोडलंय" हाच विषय. एक कळकळीची सूचना, घाटावर पाय सोडून बसायचं असेल तर पायऱ्या वरच्या धरा, पोहायचं तर नावच काढू नका, कृष्णेत मगरी आहेत. थट्टा नाही, खरंच आहेत.

दुपारी हरिपूर. तीन-चार किलोमीटर, रिक्षा जाते. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि नाटककार देवलांचं हे गाव. इथंच हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खड्डे, वर निमुळतं तोंड, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरात बरीच गेली, वाईट वाटतं. हळदीचा सीझन असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात सौदे बघायला जा, पण पांढरा शर्ट घालून नको.

विश्रामबागला विलिंग्डन कॉलेज 1919 चं आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज 1947 चं, दोन्हीकडं झाडी भरपूर. आत जायला परवानगी लागली तर हुज्जत घालू नका, बाहेरच्या चहाच्या गाड्यावरच खरी मजा आहे, तिथं सबमिशन, क्रिकेट आणि मेसची आमटी यावर चर्चासत्र चालू असतं. पूल गाठायचा असेल तर इथनं पाचच्या आत उठा.

मुक्काम केलात तर मिरज दहाएक किलोमीटरवर, सतारमेकर गल्लीत भोपळ्याची सतार होताना बघायला मिळते.

आणि भडंग. पॅकेटचं नको, ताजं घ्या, कुरकुरीत चुरमुरे, तळलेला लसूण, शेंगदाणे, तिखट, बोटं लाल होतात. माणशी अर्धा किलो धरा, निम्मं तर गाडीतच संपतं.