रेंजच्या बांधाची माती बागेत नको

पाऊस सरला की मुंबईत सोसायटीच्या आवारात, गच्चीवर पालक, मेथी, माठ पेरायची लगबग सुरू होते आणि लाल मातीच्या गोणी येऊन पडतात. गोणीवाल्याला यंदा एवढं विचारा: माती उचलली कुठून? नेमबाजीच्या रेंजमागच्या, गोळ्या अडवणाऱ्या बांधाची असेल, तर फुकट मिळाली तरी नको.

पॉइंट टू-टू रायफलची गोळी साधारण अडीच ग्रॅमची, जवळपास सगळी शिशाची. एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. वर्षानुवर्षं हे सगळं एकाच बांधात रुतत जातं. त्यात कोकणपट्टीची आम्ल माती आणि चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे शिसं झिजायला आणखी सोपं. हातमोजे घालून जुना छर्रा उचला; त्यावर पांढुरकं पूड-पूड पुट दिसेल. तेच मातीत मिसळतं. त्यामुळे चाळून छर्रे वेचले की माती साफ झाली, असं समजू नका.

‘आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे’, हे उत्तर पुरेसं नाही. तिच्यात सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असे 12 घटक असतात, शिसं नसतं. प्रयोगशाळेला जड धातूंची तपासणी वेगळी सांगावी लागते. नमुना वरच्या 15 सेंटिमीटरचा घ्या. बांधाखालच्या उतारावर पावसाचं पाणी वाहून येतं, तिथला नमुना वेगळ्या पिशवीत भरा.

अहवाल येईपर्यंत पालेभाज्या आणि मुळा, गाजर, बीट टाळा. शिसं मुळांतच जास्त अडकतं, आणि पाल्याला चिकटलेली धूळ धुऊनही पूर्ण जात नाही. भेंडी, वांगी, दुधी, टोमॅटो यांच्या फळांत ते फार कमी उतरतं. चुना घालून सामू 6.5 ते 7 वर आणला, हाडांचा चुरा आणि भरपूर शेणखत मिसळलं, तर शिसं कमी विरघळतं. नाहीसं मात्र होत नाही. प्रमाण जास्त निघालं तर त्या जमिनीचा नाद सोडा, तळ बंद असलेल्या वाफ्यात दुसरी माती भरा. लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका, त्यांना शिशाचा त्रास सर्वांत जास्त.

आणि वेचलेले छर्रे मासेमारीच्या जाळ्याला वजन करायला घरच्या शेगडीवर वितळवू नका. धूर थेट छातीत जातो.