‘इन्टू द ब्रीच’ कसा खेळावा: आधी ढकला, मग मारा

बुद्धिबळासारखाच ८ बाय ८ घरांचा पट. तुमच्याकडे फक्त तीन यंत्रमानव, गेमच्या भाषेत ‘मेक’. समोर जमिनीतून वर येणारे अवाढव्य किडे, त्यांचं नाव व्हेक. पट बघून कोणीही बुद्धिबळच खेळायला लागतो, म्हणजे समोरचं प्यादं टप्प्यात आलं की मारायला धावतो. मीही तेच केलं आणि पहिल्याच बेटावर तीनदा सपशेल आपटलो. पट बुद्धिबळाचा असला तरी खेळ कॅरमचा आहे, हे फार उशिरा डोक्यात शिरलं. कुठली सोंगटी कुठून ढकलली तर कुणावर आपटेल, एवढाच इथे प्रश्न असतो.

‘सबसेट गेम्स’ या छोट्या स्टुडिओचा हा गेम फेब्रुवारी २०१८ मध्ये संगणकावर आला. २०२२ मध्ये त्याची ‘अ‍ॅडव्हान्स्ड एडिशन’ निघाली आणि नेटफ्लिक्सच्या सदस्यांना तो मोबाइलवरही मिळाला. एक लढाई दहा-पंधरा मिनिटांत आटोपते, पण त्यातली एखादी चाल अर्धा तास खाते. चहा गार होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी हे समजून घ्या

प्रत्येक फेरीत किडे आधी हलतात आणि नेम धरतात. कोण कुठल्या घरावर, किती जोराचा हल्ला करणार, सगळं पटावर दिसतं. मग तुमची पाळी. तुम्ही थांबलात की ते ठरलेले हल्ले होतात आणि मग नवे किडे जमिनीतून वर येतात. बऱ्याच डावपेचांच्या गेममध्ये नेम लागण्याची शक्यता ९५ टक्के दाखवतात आणि नेमका तोच नेम चुकतो. इथे तुमचा फटका कधी चुकत नाही, त्यामुळे हरलात तर नशिबावर खापर फोडायची सोय नाही.

दुसरी गोष्ट, वाचवायच्या आहेत त्या इमारती. इमारतीला बसलेला फटका ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, पॉवरमधून वजा होतो, आणि ही पॉवर जास्तीत जास्त सात खणांची. ती एका लढाईतून पुढच्या लढाईत तशीच जाते आणि शून्यावर आली की खेळ खलास. मेकचं तसं नाही. लढाई संपली की तो पुन्हा ठणठणीत होतो. लढाईत मेक पडला तर त्याचा पायलट मात्र कायमचा जातो.

पहिली पायरी: सुरुवात सोपी ठेवा

‘ईझी’ निवडा, त्यात कमीपणा नाही. पहिल्यांदा ‘रिफ्ट वॉकर्स’ हीच तुकडी मिळते आणि शिकायला तीच उत्तम. कॉम्बॅट मेक शेजारच्याला ठोसा मारून मागे ढकलतो. कॅनन मेक सरळ रेषेत गोळी झाडतो. ती पहिल्या अडथळ्याला लागते आणि त्याला एक घर मागे सारते. आर्टिलरी मेकचा गोळा मधल्या सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. तो पडतो त्या घराला इजा होते आणि भोवतालच्या चारही घरांतले बाहेरच्या बाजूला ढकलले जातात, तेही इजा न होता. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, अर्ध्या लढाया त्यावरच जिंकता येतात.

लढाईच्या सुरुवातीला मेक मांडताना त्यांना पटाच्या कडेला ठेवू नका. इमारतींच्या आसपास, मध्याकडे ठेवा. कोपऱ्यातला मेक दोन-दोन फेऱ्या नुसता चालण्यात घालवतो.

दुसरी पायरी: हात लावण्याआधी पट वाचा

प्रत्येक किड्यावर कर्सर न्या आणि दोनच गोष्टी बघा: तो कुणाला मारणार आणि कितव्या क्रमाने मारणार. क्रम दाखवायची वेगळी सोय आहे, नवे लोक ती वापरतच नाहीत. मग मनाशी हिशेब करा. समजा पाच हल्ले आहेत आणि त्यातले दोन इमारतींवर. मग तुमचं काम दोनच किड्यांपुरतं आहे, बाकीचे तीन तुमच्या मेकना चावत असतील तर चावू द्या.

किड्याला ढकललं तरी त्याच्या हल्ल्याची दिशा बदलत नाही. तो ज्या घरात जाईल तिथून त्याच दिशेला मारतो. म्हणून त्याला एक घर बाजूला सरकवलं की इमारत वाचते, आणि जरा डोकं लावलं तर त्याचा फटका त्याच्याच भावाला बसतो.

तिसरी पायरी: एक चाल जवळून बघू

पट वहीच्या चौकटींसारखा सरळ आहे असं धरा. एका ओळीत, डावीकडून दुसऱ्या घरात फायरफ्लाय, म्हणजे लांबून थुंकणारा किडा आहे. तो उजवीकडे थुंकणार आहे. पुढची दोन घरं रिकामी आणि तिसऱ्यावर इमारत. त्याच इमारतीच्या बरोबर खालच्या घरात हॉर्नेट, म्हणजे नांगीवाला किडा, नांगी वर इमारतीकडे. म्हणजे एका इमारतीवर दोन हल्ले, फायरफ्लायचा आधी आणि हॉर्नेटचा नंतर. हॉर्नेटची हेल्थ दोन. कॉम्बॅट मेकच्या एका ठोशात तो मेला असता, पण माझा कॉम्बॅट मेक पलीकडच्या कोपऱ्यात अडकलेला.

कॅनन मेक मी खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला नेला आणि उजवीकडे गोळी झाडली. हॉर्नेटची हेल्थ एकवर आली आणि तो एक घर उजवीकडे सरकला. आता त्याच्या नांगीसमोर इमारत नाही, रिकामी जमीन. मग आर्टिलरीचा गोळा फायरफ्लायच्या वरच्या रिकाम्या घरावर टाकला. फायरफ्लायला खरचटलंसुद्धा नाही, पण तो एक घर खाली ढकलला गेला, म्हणजे हॉर्नेटच्याच ओळीत आला. हल्ल्यांची वेळ झाली तेव्हा फायरफ्लाय आधी थुंकला आणि हॉर्नेट तिथेच मेला. तिसरा मेक कोपऱ्यात होता, तिथेच एक घर भेगाळलं होतं. त्याला त्या भेगांवर उभा केला. खालून येणारा किडा अडला, मेकची एक हेल्थ गेली. सौदा स्वस्तात पडला.

आता हेच उलट्या क्रमाने करून बघा. आधी आर्टिलरी चालवली असती तर फायरफ्लाय कॅननच्या वाटेत येऊन उभा राहिला असता आणि गोळी त्यालाच लागली असती. हॉर्नेट जागच्या जागी, इमारतीला फटका ठरलेला. मेक तेच, गोळ्या त्याच, फक्त क्रम बदलला. म्हणून कुठलंही हत्यार चालवण्याआधी तिन्ही चाली मनात पुऱ्या करून घ्या. नुसतं हलणं मागे घेता येतं, हत्यार चाललं की नाही. अख्खी फेरी मागे नेणारं रीसेट प्रत्येक लढाईत एकदाच मिळतं, आणि ते बहुतेक वेळा अशा क्रमाच्या घोळातच खर्ची पडतं.

चौथी पायरी: पटाला कामाला लावा

किडा डोंगरावर, दुसऱ्या किड्यावर किंवा इमारतीवर आपटला की दोघांनाही एकेक इजा होते. ‘इमारतीवर’ हा शब्द पुन्हा वाचा. किड्याला उत्साहाने मागे ढकलून मी स्वतःच इतक्या इमारती फोडल्या आहेत की व्हेकांनी माझा सत्कार करायला हवा.

न उडणारा साधा किडा पाण्यात ढकलला की हेल्थ कितीही असो, गेला. कॅरममध्ये सोंगटी भोकात जावी तसा. हॉर्नेट उडतो, तो बुडत नाही. तुमचा मेक पाण्यात पडला तर बुडत नाही, पण तिथून हत्यार चालवता येत नाही. दरीत मात्र न उडणारा मेकही जातो. धुरात सापडलेल्याला हल्ला करता येत नाही, आग दर फेरीला एक हेल्थ खाते, आणि अ‍ॅसिड लागलेल्याला हत्याराचा मार दुप्पट बसतो.

सगळे किडे मारायचा अट्टहास सोडा. वर फेऱ्यांचा आकडा असतो, तेवढ्या फेऱ्या काढल्या की उरलेले स्वतःहून जमिनीत परत जातात. शेवटच्या फेरीत तर मारण्यात काहीच अर्थ नसतो, फक्त नेम चुकवा.

पाचवी पायरी: मोहीम आणि खरेदी

मोहीम निवडताना तिची जादा उद्दिष्टं वाचा. काहींचं बक्षीस तारे असतं, काहींचं थेट ग्रिडची पॉवर. पॉवर कमी असेल तर दुसरी निवडा. एखादं उद्दिष्ट इमारतीच्या जिवावर उठत असेल तर सोडून द्या. बेट जिंकल्यावर जमलेले तारे खर्च करता येतात. माझा हिशेब साधा आहे: पॉवर चारच्या खाली असेल तर आधी ती भरायची, नाहीतर रिअ‍ॅक्टर कोअर, म्हणजे मेक आणि हत्यारांना लागणारी जादा ऊर्जा, घ्यायचे. नवी चकचकीत हत्यारं बहुतेकदा कोअर मागतात. कोअर नसतील तर ती नुसती शोभेची.

बेटं चार आहेत, पण दोन जिंकली की शेवटची ज्वालामुखीवरची लढाई उघडते. किती बेटं घेऊन तुम्ही तिथे जाता त्यानुसार तिची काठिण्यपातळी ठरते. पहिल्या वेळी दोनच बेटं घेऊन जा.

तरीही हराल. ग्रिड बंद पडला की जिवंत उरलेल्यांपैकी एक पायलट काळाच्या दुसऱ्या धाग्यात पाठवता येतो, अनुभवासकट. तिथे भावनेच्या भरात सर्वांत आवडत्याला पाठवू नका, ज्याची लेव्हल वर आहे त्याला पाठवा. नव्या डावात पहिल्याच लढाईपासून तुमचा एक माणूस तयारीचा असतो.