केंद्रकीय रसायनशास्त्र शिकायचंय? आधी मोजायला बसा

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी किरणोत्सारी क्षयाचं समीकरण मला तोंडपाठ होतं. अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) म्हणजे ०.६९३ भागिले क्षय-स्थिरांक (ठरावीक वेळात एका अणूचा क्षय होण्याची शक्यता). उदाहरणंही पटापट सुटायची. पण आत काय चाललंय ते उमगलं प्रयोगशाळेत, किरणोत्सार टिपून ठोके मोजणाऱ्या गायगर काउंटरसमोर वीस मिनिटं बसल्यावर.

पहिला प्रयोग सीझियम-१३७ चा होता. त्याचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. एका छोट्या नळीतल्या भरावाला ते चिकटून असतं. केंद्रकातून बीटा कण बाहेर पडला की अणुक्रमांक ५५ चा ५६ होतो, म्हणजे तो अणू सीझियम राहतच नाही, बेरियम होतो. बेरियमला मात्र तो भराव धरून ठेवत नाही. वरून मीठ घातलेल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडले की बेरियम तेवढं धुऊन खाली येतं, सीझियम जागेवरच. या नळीला प्रयोगशाळेत ‘गाय’ म्हणतात. दूध काढलं की पंधरा मिनिटांत जवळजवळ पुन्हा भरते. क्षय होतो केंद्रकात, पण त्याने मूलद्रव्य बदलतं आणि त्याबरोबर सगळं रासायनिक वागणंही. विषयाच्या नावात ‘रसायनशास्त्र’ का आहे ते मला त्या सात-आठ थेंबांत दिसलं.

हे बेरियम उत्तेजित अवस्थेत असतं आणि गॅमा किरण सोडून स्थिर होतं, अर्धायुष्य २.५५ मिनिटं. दर मिनिटाचे ठोके मी वहीत उतरवत गेले. आधी काउंटर सलग करकरत होता, मग टकटक सुटी-सुटी ऐकू येऊ लागली. लॉग-कागदावर (ज्यावर अशी घट सरळ रेघ दिसते) बिंदू मांडले तर सरळ उतरणारी रेघ शेवटी आडवी व्हायला लागली आणि अर्धायुष्य पावणेतीन मिनिटांच्या पुढे गेलं. सरांनी एकच विचारलं, “नमुना ठेवायच्या आधी रिकामं मोजलंस का?”

मोजलं नव्हतं. भिंती, हवा, वैश्विक किरण यांचे मिनिटाला वीसेक ठोके कायम असतातच. ४,००० ठोक्यांपासून सुरुवात केली तर पंधरा मिनिटांनी नमुन्याचे जेमतेम ६८ उरतात. त्यात पार्श्वभूमीचे २२ मिसळले की आकडा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. ही वजाबाकी पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. (हातमोजे, डोस मोजणारा बिल्ला आणि तोंडाने पिपेट न ओढणं, यांत सवलत नाही.)

लागोपाठच्या आकड्यांत चढउतार दिसला तर घाबरू नका. अनिश्चितता ठोक्यांच्या वर्गमूळाइतकी: १०० ठोक्यांत दहाची असते, १०,००० मध्ये शंभराची, म्हणजे फक्त एक टक्का. कोणत्या अणूचा क्षय कधी होईल हे सांगता येत नाही, कारण अणू म्हातारा होत नाही. हजार वर्षं टिकलेला कार्बन-१४ चा अणू आणि काल तयार झालेला, दोघांची पुढच्या वर्षात क्षय होण्याची शक्यता अगदी सारखी. कार्बन-१४ चं ५,७३० वर्षांचं अर्धायुष्य हा हिशेब घोळक्याचा आहे. म्हणूनच दोन अर्धायुष्यांनंतर सगळं संपत नाही, पाव भाग उरतो. तापवा, दाबा, आम्लात विरघळवा, वेग बदलत नाही. बेरिलियम-७ सारखे स्वतःचाच इलेक्ट्रॉन गिळणारे समस्थानिक किंचित अपवाद आहेत; तिथवर पोचाल तेव्हा तो भाग जरूर सावकाश वाचा.

समीकरणं जुळवताना नियम थोडेच आहेत. अल्फा क्षयात वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या) ४ ने, अणुक्रमांक २ ने उतरतो. बीटात वस्तुमानांक तोच, अणुक्रमांक १ ने चढतो. गॅमात दोन्ही तसेच. एवढ्यावर युरेनियम-२३८ ते शिसे-२०६ ही साखळी मोजून बघा. वस्तुमानांकात ३२ ची घट, म्हणजे ८ अल्फा. त्यांनी अणुक्रमांक ९२ वरून ७६ वर यायला हवा, पण शिसं ८२ वर आहे; म्हणजे ६ बीटा. मधलं एकही नाव पाठ नसताना उत्तर हाती येतं, याचा मला आजही आनंद होतो.

आणि गाय हाताशी आहे तोवर आणखी एक करा. धुतलेल्या थेंबांसोबत नळीचेही ठोके मोजा, दोन्ही एकाच कागदावर मांडा. एक वक्र उतरतो, दुसरा चढतो. रदरफर्ड आणि सॉडी यांनी १९०२ मध्ये मॉन्ट्रियलला थोरियमपासून थोरियम-एक्स (आजचं रेडियम-२२४) वेगळं केलं, तेव्हा त्यांना हेच दोन वक्र दिसले होते. त्यांना कित्येक दिवस थांबावं लागलं, तुमचं काम अर्ध्या तासात होईल.