कांद्याच्या मुळात पेशीविभाजन कसे पाहावे

पेशीपासूनच पेशी तयार होते, हे वाक्य शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. एका पेशीच्या दोन होताना मात्र फार थोड्यांनी पाहिलेल्या असतात. त्यासाठी कांदा, दोन-चार रसायने आणि ४०० पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक एवढे पुरते. कांदाच का? त्याच्या पेशीत गुणसूत्रे अवघी १६, आणि तीही लांब-जाड. माणसाची ४६ गुणसूत्रे मोजण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपे.

मुळे फुटवणे

कांद्याच्या बुडाची वाळलेली मुळे पात्याने हलकेच खरवडून काढा. खालच्या चकतीला इजा झाली तर नवी मुळे फुटत नाहीत. कांदा पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर असा बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. अर्धा कांदा बुडवला की तो कुजतो. पाणी रोज बदला. ३ ते ५ दिवसांत २-३ सेंटिमीटर लांबीची पांढरी मुळे येतात. काही कांद्यांना आठवडा उलटला तरी मूळ फुटत नाही, कारण साठवणीत मोड येऊ नये म्हणून त्यांच्यावर प्रक्रिया केलेली असते. म्हणून एकदम दोन-तीन कांदे लावा.

पेशी जागच्या जागी थांबवणे

एक भाग ग्लेशियल (म्हणजे जवळजवळ पाणी नसलेले) अ‍ॅसिटिक आम्ल आणि तीन भाग इथेनॉल यांचे मिश्रण त्याच दिवशी ताजे करा. मुळांची टोके तोडून लगेच त्यात टाका आणि २४ तास ठेवा. या द्रावात पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत मरते आणि तशीच राहते. टोके तोडून टेबलावर ठेवली आणि मग द्राव शोधत बसलात, तर तेवढ्या वेळात पेशींची अवस्था बिघडते. सगळी टोके एकदम तोडू नका. दिवसभरात दोन-तीन वेळा थोडी थोडी घ्या, कारण सगळ्या वेळी विभाजन सारखेच जोरात नसते. नंतर टोके ७० टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवली की काही आठवडे टिकतात.

मऊ करणे आणि रंगवणे

वनस्पतिपेशी पेक्टिन या डिंकासारख्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. ती चिकट सुटावी म्हणून टोके १ नॉर्मल (‘नॉर्मल’ हे द्रावाच्या तीव्रतेचे माप) हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला ५ ते १० मिनिटे ठेवावी लागतात. तीव्र आम्ल साधारण १२ नॉर्मल असते, त्याचे ८.३ मिलिलिटर घेऊन एकूण १०० मिलिलिटर द्राव करा. आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात कधीच नको. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

या पायरीवर घड्याळाकडे नीट लक्ष ठेवा. वेळ कमी पडला तर पेशींचा गठ्ठा सुटत नाही. जास्त झाला तर गुणसूत्रे रंग धरत नाहीत आणि सगळे फिकट दिसते. मग पाण्याने दोन-तीनदा धुऊन टोके १५ मिनिटे अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्यात ठेवा, वर झाकण घाला.

रंग चढल्यावर टोकाचा १-२ मिलिमीटर भाग बाकी मुळापेक्षा गडद दिसतो. तेवढाच कापून घ्या, बाकीचे मूळ टाकून द्या. नवखे इथेच चुकतात. वरचा लांब भाग सुबक दिसतो, पण तिथल्या पेशी विभाजन संपवून फक्त लांब होत असतात. तास-दीड तास शोधूनही एक गुणसूत्र दिसत नाही.

स्लाइडवर रंगाचा थेंब, त्यात हा तुकडा, सुईने बारीक करा, कडक कण काढून टाका आणि कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पेन्सिलीच्या बोथट टोकाने हलके ठोका. मग टिपकागदाची घडी वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा बाजूला सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड फुकट जाते.

काय पाहायचे

आधी १० पट वस्तुभिंगाने चौकोनी, दाट भरलेल्या पेशींचा पट्टा शोधा; मग ४० पट लावा. बहुसंख्य पेशींत नुसते गोल केंद्रक दिसेल. त्यांना ‘विश्रांती’तल्या पेशी म्हणण्याची जुनी सवय आहे आणि ती चुकीची आहे. प्रथिने बनवणे, ऊर्जा मिळवणे, वाढणे, हे सगळे याच काळात चालते आणि डीएनएची प्रतही इथेच निघते. मात्र प्रत निघाली तरी गुणसूत्रे १६च मोजतात. प्रत्येकाची दोन अर्धगुणसूत्रे मध्ये जोडलेली असतात, इतकेच.

पूर्वावस्थेत केंद्रकात गुंतलेल्या दोऱ्यासारखे धागे दिसतात. मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मधल्या रेषेवर येतात. पश्चावस्था एकदा सापडली की विसरत नाही: इंग्रजी ‘व्ही’सारख्या वाकड्या बाह्या मागे ओढत दोन गट दोन टोकांकडे निघालेले असतात. तर्कुतंतू, म्हणजे विभाजनाच्या वेळी पेशीत तयार होणारे बारीक धागे, गुणसूत्राला गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे अर्धगुणसूत्रे जोडलेली असतात त्या जागी, धरून ओढतात. तो बिंदू पुढे जातो आणि बाह्या मागे लोंबतात, म्हणून हा आकार. या क्षणी पेशीत ३२ गुणसूत्रे असतात, प्रत्येक बाजूला १६. अंत्यावस्थेत दोन केंद्रके पुन्हा दिसू लागतात आणि मधोमध पेशीपट्टिकेची पुसट रेघ उमटते. प्राणिपेशी मध्ये आवळून तुटते. वनस्पतिपेशीला भिंत असल्यामुळे ती आतून नवी भिंत घालते. वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली या प्रक्रियेला मायटोसिस हे नाव दिले, पण त्यांचा अभ्यास सॅलॅमँडरच्या पेशींवर होता.

मोजणी

पेशी मेलेल्या आहेत, हालचाल दिसणार नाही. तरी वेळ कळते: जी अवस्था जास्त काळ चालते तिच्या पेशी जास्त सापडतात. पूर्वावस्थेच्या पेशी म्हणूनच भरपूर, पश्चावस्थेच्या मोजक्या. समजा ४०० पेशींत ३२ विभाजत आहेत, म्हणजे ८ टक्के. पेशीचे चक्र, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतचा काळ, २० तासांचे धरले तर विभाजन साधारण १ तास ३६ मिनिटे चालते. हे ढोबळ गणित आहे, कारण त्यात सर्व वयांच्या पेशी सारख्याच संख्येने आहेत असे गृहीत धरलेले असते. मोजताना डोळ्यांना भावलेला भाग निवडू नका. स्लाइड एका कोपऱ्यातून ओळीने सरकवा आणि समोर येईल ती प्रत्येक पेशी धरा, केंद्रक नीट न दिसणारी तेवढी सोडून.