स्वतः जोडलेला संगणक चालू होत नसेल तर: आधी वीज, मग चित्र

सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक बटण दाबूनही चालू झाला नाही, की बहुतेकांचा पहिला संशय एसएमपीएसवर (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) जातो आणि दुसऱ्याच दिवशी नवा एसएमपीएस घरात येतो. ही घाई टाळावी. वीज पोहोचतच नसणे आणि वीज पोहोचूनही मॉनिटरवर चित्र न येणे हे दोन वेगळे बिघाड आहेत; आपला त्यांपैकी कोणता, हे ठरल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. त्यासाठी कॅबिनेटचे झाकण काढून बटण दाबावे आणि प्रोसेसरवरचा पंखा पाहावा. तो हललाच नाही, किंवा किंचित हलून थांबला, तर दोष विजेच्या बाजूचा. तो सुरळीत फिरत राहिला, तर बहुधा चित्राच्या बाजूचा.

विजेची तपासणी भिंतीपासून सुरू करावी. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, पुरवठा जातो-येतो, आणि त्याचा पहिला फटका एक्स्टेन्शन बोर्ड किंवा युपीएसला बसलेला असू शकतो. म्हणून ही दोन्ही मधली साधने वगळून संगणक थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावून पाहावा. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे 230 व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळजवळ तेवढेच, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजकेच व्होल्ट दिसायला हवेत. मल्टिमीटरचा सराव नसेल तर हे मोजमाप इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही किंवा तुटले आहे असे समजावे. एसएमपीएसमधील फिल्टरमधून होणारी विजेची किंचित गळती अर्थच्या तारेतून वाहून जायची असते. तिला वाट मिळाली नाही की ती पत्र्यावर येते. अर्थिंगविना महागड्या सर्ज प्रोटेक्टरचाही (विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणाऱ्या साधनाचाही) पुरेसा उपयोग होत नाही, त्यामुळे त्यावर खर्च करण्यापूर्वी अर्थिंग दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे ठरते.

यापुढे कोणतीही केबल किंवा सुटा भाग हलवण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी आणि चाचणीपुरतीच ती पुन्हा लावावी. एसएमपीएसच्या मागचा लहान स्विच चालू स्थितीत आहे ना, हे पाहावे. तो बंद राहिल्यामुळे तासन्‌तास वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. मदरबोर्डवर (सर्व भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य पाटीवर) कायम जळणारा लहान दिवा असेल आणि तो लागलेला असेल, तर स्टँडबायचे, म्हणजे संगणक बंद असतानाही मिळणारे, 5 व्होल्ट पोहोचत आहेत. अशा वेळी कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर काढून, तिच्या जागेवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. संगणक सुरू झाला तर दोष केवळ बटणाचा आहे.

पंखा पाव फेरा घेऊन थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्ट असून एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत असण्याची शक्यता मोठी. मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब) नीट पाहावेत. ज्या जागी बोर्डाला भोकच नाही, तिथे एखादा जास्तीचा स्टँडऑफ राहिला तर तो मागच्या सोल्डरिंगला टेकतो. खात्रीसाठी बोर्ड बाहेर काढून कोऱ्या खोक्यावर ठेवावा आणि फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर व एक रॅम एवढ्यावर चालवून पाहावा.

एसएमपीएस एकटा तपासायचा असल्यास त्याच्या सर्व केबली मदरबोर्डवरून सोडवून, 24 पिनांच्या कनेक्टरमधील पिन 16 (बहुधा हिरवी तार) आणि शेजारची काळी तार पेपरक्लिपने जोडावी आणि मगच वीज द्यावी. पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 आणि लालवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळायला हवेत. हे आकडे बरोबर आले तरी एसएमपीएस भार पेलेलच असे मात्र नाही. त्याचे झाकण कधीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब वायर काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. तसेच एका मॉडेलच्या सुट्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला लावू नयेत, कारण कनेक्टर बसला तरी पिनांची रचना वेगळी असू शकते.

पंखे फिरतात पण चित्र नाही, अशा वेळी प्रोसेसरजवळचा 8 पिनांचा कनेक्टर प्रथम पाहावा, कारण तो राहून गेला तरी पंखे फिरतात. त्यानंतर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, याची खात्री करावी. नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. कार्डाला स्लॉटमधून 75 वॉटपर्यंतच वीज मिळते. मोठ्या कार्डाची वेगळी पॉवर केबल अनिवार्य असते. डीडीआर5 रॅम नवी बसवल्यावर पहिल्या वेळी काही मिनिटे काळा मॉनिटर दिसणे स्वाभाविक असून, तेवढ्यात संगणक बंद करू नये.

पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या किनारी भागात रॅमकडे विशेष लक्ष द्यावे. खाऱ्या, दमट हवेने तिच्या सोनेरी पट्ट्या काळपट होतात किंवा त्यांवर पुसट डाग चढतात आणि स्लॉटशी संपर्क नीट होत नाही. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याने पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेला, धागे न सुटणारा कपडा पुरेसा आहे. पट्टी पूर्ण वाळल्यावर एकच रॅम, चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, खटका बसेपर्यंत दाबावी. तरीही चित्र आले नाही, तर बोर्डावरची गोल सीआर2032 बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी, म्हणजे बायॉस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची प्रणाली) मूळ स्थितीत येतो. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) अशी नावे लिहिलेले दिवे असतील, तर सुरू होताना कोणता दिवा अडून राहतो ते टिपून ठेवावे.

एवढे करूनही यश आले नाही, तर कॅबिनेट म्हापशाला किंवा मडगावला दुरुस्तीसाठी नेण्याआधी जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे गुंडाळावे, सोबत खरेदीची बिले घ्यावीत आणि तो अडलेला दिवा कोणता, हे दुकानदाराला आधीच सांगावे.